मानसशास्त्राची पीएच.डी. : कागदाची की माणसाची?

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष

कला शाखेत प्रवेश घेताना इतिहास, राज्यशास्त्र, मराठी वाङ्‌मय यांच्या जोडीला मानसशास्त्र घ्यावे असे पुष्कळजण सुचवितात. विषय गुण मिळवून देणारा आहे, प्रात्यक्षिकाचा आधार असतो, ही त्यामागची कारणे. मीही अशाच सल्ल्याने हा विषय घेतला. परंतु विषय घेतल्यानंतर गावाकडची माणसे दोन प्रश्न विचारतात आणि त्या प्रश्नांनी मला या लेखापर्यंत आणले. पहिला प्रश्न, ‘मानसाच्या मनातलं वयखता येते काय तुले?’ यावर हसून वेळ मारून नेता येते. दुसरा प्रश्न, ‘हे शिकून तू डाक्टर होशीन काय?’ याचे सरळ उत्तर मात्र मला अद्याप देता आलेले नाही. याचे कारण असे की मानसशास्त्रात ‘डॉक्टर’ होण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत, आणि दुर्दैवाने त्या एकमेकींना भेटत नाहीत.

हा प्रश्न माझ्या एकटीचा असता तर वार्षिकांकाची पाने मी खर्ची घातली नसती. परंतु अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत राहणाऱ्या कोणालाही मनाचे दुखणे परके राहिलेले नाही. अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयात शेतकरी आत्महत्यांची नोंद २००१ पासून ठेवली जाते. कोणते प्रकरण मदतीस ‘पात्र’ आणि कोणते ‘अपात्र’ याचाही हिशेब तेथे असतो. अशा भागात मनाचा अभ्यास करून जो ‘डॉक्टर’ ही पदवी लावतो, त्याला नेमके काय करता आले पाहिजे, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही आहे असे मी समजते.

प्रथम या दोन वाटा पाहू. पहिली वाट पीएच.डी.ची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ही किमान तीन वर्षांची पदवी आहे. त्यात किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, मग संशोधन, मग प्रबंध आणि शेवटी तोंडी परीक्षा असते. प्रबंध मान्य झाला की नावामागे ‘डॉ.’ लागते. पण या सगळ्या काळात मन खचलेल्या एकाही माणसासमोर बसण्याची सक्ती संशोधकावर नसते. दुसरी वाट चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची, म्हणजे ज्याला आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतो त्याची. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कोणाला म्हणावे हे त्या कायद्याने ठरवून दिले आहे. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली रुग्ण पाहून पुरे केलेले शिक्षण त्यासाठी लागते. नुसती पीएच.डी. त्यासाठी पुरत नाही. या शिक्षणाची आपल्या देशातील सुरुवात १९५५ साली बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत झाली. तीच संस्था १९७४ पासून निम्हान्स या नावाने ओळखली जाते. पुढे हे शिक्षण दोन वर्षांच्या एम.फिल.च्या रूपाने देशभर रुजले.

म्हणजे स्थिती अशी झाली की, ज्याने मोठे संशोधन केले त्याला उपचाराचा अधिकार नाही, आणि ज्याला उपचाराचा अधिकार आहे त्याला आपल्या अनुभवातून मोठे संशोधन करायचे तर पुन्हा वेगळी दीर्घ वाट धरावी लागते. दोन्ही हव्या असतील तर बारावीनंतर बी. ए. ची तीन, एम. ए. ची दोन, एम.फिल.ची दोन आणि पीएच.डी.ची किमान तीन अशी दहा वर्षे लागत. ज्या घरात शिकण्याची ही पहिलीच पिढी आहे, त्या घराला दहा वर्षे म्हणजे काय याची कल्पना करून पाहावी. तेवढ्या काळात धाकट्या भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न आणि वडिलांचे पीककर्ज हे सारे दारात येऊन उभे राहते.

त्यातच आता एम.फिल. हीच पदवी बंद होत आहे. २०२२ च्या नियमांनी ती रद्द केली. चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोचिकित्सकीय समाजकार्य या दोन विषयांपुरती २०२५-२६ या सत्रापर्यंत मुदत वाढवून दिली गेली. त्या जागी पुनर्वास परिषदेने नवे अभ्यासक्रम आखले असून त्यांत ‘साय.डी.’ म्हणजे व्यवसायाभिमुख डॉक्टरेटही आहे. घराची मोडतोड चालूच आहे, तर नवी भिंत कोठे घालावी आणि दार कोठे ठेवावे याचा विचार आताच व्हावयास हवा. एकदा पलिस्तर झाले की मग कोणी ऐकत नाही.

दोन वाटांखेरीज आणखी एक फाटा आहे, आणि तो आपल्याला अधिक जवळचा आहे. शाळेतला समुपदेशक, व्यवसाय मार्गदर्शक, कुटुंब सल्लागार, ही सारी कामे मानसशास्त्राचीच. पण त्यांचे नियमन निराळीकडे. २०२१ साली सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आहेत, समुपदेशक आहेत, समाजकार्यकर्तेही आहेत. मात्र पुनर्वास परिषदेच्या कक्षेतील चिकित्सा मानसशास्त्रज्ञ त्यातून वगळलेले आहेत. कागदावर ही विभागणी सोयीची दिसेल. परंतु वऱ्हाडातल्या एखाद्या घरात डोकावून पाहा. कपाशी बोंडअळीने गेली म्हणून बाप रात्र रात्र जागा आहे. मुलाने नववीतून शाळा सोडली, तो आता वेचणीला जातो आणि कोणाशी बोलत नाही. आईच्या अंगात येते. या घरातला बाप रुग्णालयाचा विषय, मुलगा शाळेचा विषय आणि आई मांत्रिकाचा विषय, असे तीन तुकडे आपण करतो. वास्तविक दुखणे एकच आहे, ते तीन ठिकाणी फुटले आहे. ज्याचे शिक्षण एकाच खिडकीत बसून झाले, त्याला हे एक दुखणे दिसणार कसे?

हा तिढा काही आपल्याच वाट्याला आलेला नाही. अमेरिकेत १९४९ साली कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे मानसशास्त्रज्ञांची परिषद भरली आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा एकाच वेळी शास्त्रज्ञही असावा आणि उपचारकही असावा, असे तेथे ठरले. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी शास्त्रज्ञाची बाजू जड आणि उपचारकाची हलकी राहिली. त्यावर उतारा म्हणून इलिनॉय विद्यापीठाने १९६८ साली साय.डी. ही पदवी सुरू केली आणि १९७३ च्या व्हेल परिषदेने त्या दिशेला मान्यता दिली. याच सुमारास, म्हणजे १९७० च्या दशकात, काही विद्यापीठांनी चिकित्सा, समुपदेशन आणि शालेय मानसशास्त्र या तिन्ही शाखांचे डॉक्टरेटपर्यंतचे शिक्षण एकत्र देण्याचा प्रयोग केला. २००३ साली व्हर्जिनियातील जेम्स मॅडिसन विद्यापीठात अशा ‘एकत्रित व एकात्म’ शिक्षणावर स्वतंत्र परिषदच झाली. त्यामागचा विचार साधा आहे. विद्यार्थ्याने आधी माणूस सर्व ठिकाणी पाहावा, म्हणजे घरात, शाळेत, दवाखान्यात आणि कामावर, आणि मगच एखाद्या भागात विशेष प्रावीण्य मिळवावे.

पण उदाहरणासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज आहे काय? आपल्या अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ उभे आहे. कृषी विद्यापीठाची कामे तीन : शिक्षण, संशोधन आणि विस्तार. कपाशीचे किंवा तुरीचे वाण प्रक्षेत्रावर कितीही चांगले निघाले तरी ते शेतकऱ्याच्या जमिनीत, त्याच्या पावसात टिकते काय, हे पाहिल्याखेरीज त्याची शिफारस होत नाही. तेथील पदवीच्या मुलामुलींना शेवटच्या वर्षी खेड्यात काम करावे लागते. त्यांना आपण ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून ओळखतो. माती परीक्षण कसे करावे, बीजप्रक्रिया कशी करावी हे ते दाखवतात, आणि जाताना शेतकऱ्याकडून चार गोष्टी शिकूनही जातात. शिवारफेरीला गावोगावचे शेतकरी अकोल्याला येतात आणि शास्त्रज्ञाला तोंडावर प्रश्न विचारतात. या व्यवस्थेत दोष नाहीत असे माझे म्हणणे नाही. माझे वडील तर कृषी विद्यापीठाच्या प्रत्येक शिफारशीवर दोन शंका काढतात. पण शंका काढायला शास्त्रज्ञ समोर असतो, ही काय लहान गोष्ट झाली? पिकाच्या शास्त्राला आपण बांधावर नेले. मनाचे शास्त्र मात्र अजून वर्गाच्या आणि ग्रंथालयाच्या बाहेर फारसे पडलेले नाही.

मराठी मुलखात हे कधी झालेच नाही असेही नाही. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली. चाचणी नुसती भाषांतरित न करता येथल्या मुलांवर तपासून तिचे मानदंड ठरविले. ‘बिने-कामत’ हे नाव आजही बुद्धिमापन करणाऱ्यांना ठाऊक आहे. पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. ते मानसशास्त्राचे अभ्यासक होते, आणि त्यांनी बुद्धिमत्तेच्या अभ्यासाला प्रत्यक्ष मुलांच्या शिक्षणाशी जोडले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी संस्था उभारून उपचार आणि लोकशिक्षण यांची सांगड घातली. या तिन्ही उदाहरणांत शास्त्र आणि माणूस यांच्यामध्ये भिंत नव्हती. मात्र ही सारी कामे व्यक्तींच्या आणि संस्थांच्या बळावर झाली. विद्यापीठाच्या सर्वोच्च पदवीची ती अट झाली नाही.

अट नसली म्हणजे काय होते, त्याचा एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. गेल्या वर्षी एका संशोधकाने आमच्या वर्गात एक प्रश्नावली वाटली. विषय आपल्या ओळखीचा होता : ग्रामीण आणि शहरी विद्यार्थ्यांच्या समायोजनाचा तुलनात्मक अभ्यास. अर्ध्या तासात खुणा करून कागद परत द्यावयाचे होते. नाव लिहावयाचे नव्हते. त्यात जगण्यात अर्थ वाटत नाही, अशा आशयाचे एक विधान होते. त्यापुढे होय किंवा नाही. माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीने ‘होय’वर खूण केली. कागद गोळा झाले, संशोधकाने आभार मानले आणि तास संपला. रात्री वसतिगृहात तिने मला सांगितले, ‘मी खरं लिहिलं. मला वाटलं कोणीतरी विचारेल.’ विचारायला कोणी आले नाही, आणि येऊही शकत नव्हते, कारण कागदावर नाव नव्हते. आम्ही तिघीजणी काही रात्री आळीपाळीने तिच्याजवळ झोपलो, आणि मग तिच्याच होकाराने वसतिगृहाच्या मॅडमना सांगितले. योग्य ठिकाणी तिला मदत मिळाली. आज ती आमच्यासोबत वर्गात आहे आणि हे लिहिण्यास तिचीच परवानगी आहे.

त्या संशोधकाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. प्रश्नावली कशी वाटावी, गुणांकन कसे करावे, सरासरी आणि प्रमाण विचलन कसे काढावे हे त्यांना शिकविलेले होते, ते त्यांनी केले. ‘होय’ म्हणणाऱ्या माणसाचे पुढे काय करावे, हे त्यांना कोणी शिकविलेच नव्हते. ज्याने दोन महिने जरी रुग्णालयात काढले असते, त्याने कागद वाटण्यापूर्वी चार वाक्ये बोलली असती. कोणाला या प्रश्नांनी त्रास झाला तर कोठे जावे, कोणाला भेटावे, कोणता क्रमांक फिरवावा, हे त्याने फळ्यावर लिहून ठेवले असते. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. पाच अंक फळ्यावर लिहायला किती वेळ लागतो? संशोधन आणि उपचार यांच्या शिक्षणाची फारकत म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कोणत्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट कळले. त्या प्रबंधात माझी मैत्रीण एका कोष्टकातला एक आकडा म्हणून राहील.

येथे कोणी म्हणेल की, खेड्यात डॉक्टरेट झालेल्या माणसाची गरजच काय? आशा सेविका आणि गावातले कार्यकर्ते हे काम करू शकतात. हा आक्षेप गंभीर आहे, कारण त्यात बरेच तथ्य आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबविण्यात आला होता. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्यामार्फत नैराश्य ओळखणे, धीर देणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठविणे अशी त्याची रचना होती. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेतलेल्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते. अठरा महिन्यांनंतरच्या पाहणीत ते २७.२ टक्के आढळले. राज्य सरकारनेही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला आणि आशा सेविकांच्या हाती प्रश्नावली दिली.

पण हाच दाखला माझ्या बाजूनेही बोलतो. गावातल्या कार्यकर्त्याला शिकविले कोणी? त्याचे काम बरोबर चालले आहे की नाही हे पाहिले कोणी? आधीचे आणि नंतरचे प्रमाण मोजले कोणी? हे करायला रुग्णही कळणारा, गावही कळणारे आणि संख्याशास्त्रही कळणारे लोक लागले. असे लोक आज अपवादाने तयार होतात, आणि बहुधा बाहेरून येतात. प्रकल्पाची मुदत संपली की ते जातात. आपल्या विद्यापीठाच्या क्षेत्रातून, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतून ते तयार झाले तर जाणार कोठे? त्यांचे घरच येथे आहे.

माझी काकू मूर्तिजापूर तालुक्यात आशा सेविका आहे. प्रश्नावलीबद्दल मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘पोरी, कागदावरचं जसंच्या तसं इचारलं तं मानूस म्हन्ते काहीच नाही. झोप लागते काय, जेवन जाते काय, असं इचारलं तं मंग हळूहळू उघडते.’ काकू सातवी शिकलेली. पण तिने जे सांगितले ते मुलाखततंत्रावरच्या कोणत्याही प्रकरणाच्या पहिल्या पानावर शोभेल. ‘गेल्या दोन आठवड्यांत आपणांस निरुत्साही वाटले काय?’ या शुद्ध वाक्याला आमच्याकडे कोणी ‘होय’ म्हणत नाही. येथे माणूस म्हणतो, ‘काई सुचून नाही राह्यलं’, ‘डोक्शात भनभन होते’, ‘जीव लागून नाही राह्यला’. या शब्दांमागे कोठे थकवा आहे, कोठे नैराश्य आहे आणि कोठे जिवावर उदार झालेली निराशा आहे, हे निवडून सांगणारा अभ्यास झाला पाहिजे. तो प्रबंधाचा विषय नाही तर कोणता विषय आहे? मेळघाटात तर मराठीही पुरी पडत नाही. धारणी आणि चिखलदऱ्याच्या कोरकू बांधवांचे मन जाणायचे तर त्यांची भाषा हवी आणि ते आजही ज्या भुमकाकडे जातात त्याच्याशी बोलण्याची तयारी हवी. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या संत गाडगेबाबांनी कीर्तनात लोकांना त्यांच्याच बोलीत प्रश्न विचारून बोलते केले. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने एवढे तरी त्यांच्यापासून घ्यावे.

दुसरा आक्षेप आमच्या घरातच निघतो. वडील म्हणतात, कापसाला भाव नसेल तर तुमच्या समुपदेशनाने काय होणार? हा प्रश्न मी हलक्यावारी नेत नाही. कर्ज, पाऊस आणि भाव यांचे दुखणे ‘मनाचे दुखणे’ म्हणून खपविणे ही शेतकऱ्याची थट्टा होईल. समुपदेशन हा हमीभावाचा पर्याय नाही, आणि तसे भासविणाऱ्या मानसशास्त्रापासून आपण दूरच राहावे. परंतु सारख्याच कर्जाखाली एक माणूस उभा राहतो आणि दुसरा मोडतो, हेही आपण पाहतो. मोडण्यापूर्वी त्याच्या घरी कोणी गेले तर पुष्कळदा तो राहतो. शिवाय ज्या मानसशास्त्रज्ञाचे शिक्षण गावात झाले असेल, तोच अहवालात निर्भीडपणे लिहू शकेल की या माणसाला गोळीपेक्षा पीकविम्याचे पैसे वेळेवर मिळण्याची गरज होती. खिडकीत बसलेल्याला हे लिहिता येणार नाही.

तिसरा आक्षेप विद्वानांचा. सगळे थोडे थोडे शिकविले तर ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ अशी गत होईल आणि पदवीचा दर्जा घसरेल, असे ते म्हणतात. हे भय अनाठायी नाही. म्हणूनच एकात्म शिक्षण म्हणजे सर्व विषयांची खिचडी नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. एम.बी.बी.एस.चा विद्यार्थी शस्त्रक्रिया, प्रसूती, बालरोग हे सारे पाहतो आणि नंतरच एका शाखेत जातो. त्याच्या शिक्षणाला कोणी चिंध्या म्हणत नाही. दर्जा घसरण्याचे म्हणाल, तर ज्या प्रबंधामुळे एकाही माणसाच्या दुःखात फरक पडला नाही, आणि जो ग्रंथालयाच्या कपाटातून पुन्हा कोणी काढला नाही, त्याचा दर्जा कोणत्या मापाने उंच ठरवायचा?

केवळ टीका करून थांबणे योग्य नव्हे, म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणे काही सूचना मांडते. एम. ए. नंतर चार वर्षांची एकच डॉक्टरेट असावी आणि तिच्यात संशोधन व उपचार या दोन्हींची जबाबदारी असावी. पहिले वर्ष अभ्यासाचे आणि अनुभवी चिकित्सकाच्या देखरेखीखाली मुलाखती घेण्याचे. दुसऱ्या वर्षी तीन ठिकाणी पाळीपाळीने काम : जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग, एखादी शाळा वा महाविद्यालय, आणि एखादे प्राथमिक आरोग्य केंद्र व त्याखालची गावे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रबंध, पण त्याचा प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या कामातून निघालेला असावा. प्रबंधाचा सारांश मराठीत लिहून ज्या गावात अथवा शाळेत काम केले तेथे वाचून दाखविण्याची अट असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या चार वर्षांत विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळावे. वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थी रुग्णसेवा करतो म्हणून त्याला ते मिळते. मग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने केलेली रुग्णसेवा फुकट का? विद्यावेतन नसेल तर ही पदवी पुन्हा ऐपतवाल्यांच्या घरी जाईल, आणि ज्या घरांतून वऱ्हाडी बोली येते त्या घरांतला कोणीही तिथवर पोचणार नाही.

हे सारे आपल्याकडेच का हवे, तेही सांगते. महाराष्ट्रात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत : ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. अमरावती विभागात एकही नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा आणि त्याखालील जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. कागदोपत्री जिल्ह्याच्या ठिकाणी मानसशास्त्रज्ञाची जागा असते, पण जागा असणे वेगळे आणि ती भरायला माणूस असणे वेगळे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसले. म्हणजे शंभर माणसांच्या पंगतीत दहाजण. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, अमरावतीतही ते २०२४ मध्ये सुरू झाले. कृषी विद्यापीठ आहे, विस्ताराचा अनुभव आहे, मानसशास्त्र शिकविणारी महाविद्यालये तर गावोगाव आहेत. सामान सारे जागेवर आहे. ते एकत्र मांडून घर उभारण्याचे तेवढे राहिले आहे.

आता निकडही आली आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे त्यात आहे. वऱ्हाडातल्या शाळा आणि महाविद्यालये मोजा आणि मग एवढी माणसे आणायची कोठून ते सांगा. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कोठून? त्यांना शिकविणारे, त्यांच्या कामावर देखरेख ठेवणारे आणि त्यांच्या चुका वेळीच दाखविणारे लोक आधी तयार झाले पाहिजेत. ते न झाल्यास कोणा तरी शिक्षकाच्या नावापुढे ‘समुपदेशक’ असे लिहून रजिस्टर पुरे केले जाईल, आणि माझ्या मैत्रिणीसारख्या मुली ‘होय’वर खूण करून वाट पाहत राहतील.

आपल्या महाविद्यालयातील मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की, अभ्यासमंडळाच्या बैठकीत हा प्रश्न कोणीतरी मांडावा. डॉक्टरेटचे नियम बदलायला वर्षे लागतील हे मला कळते. पण दोन गोष्टी येत्या सत्रापासूनच करता येतील. आपल्या वर्गात प्रश्नावली घेऊन येणाऱ्या प्रत्येक संशोधकाला, मदत कोठे मिळेल हे आधी सांगण्याची अट प्राचार्यांनी घालावी. आणि बी. ए. च्या प्रात्यक्षिकात आम्हांला अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करवून घेण्याबरोबरच एक दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन बसवावे. आशा सेविका कशी बोलते ते आम्ही ऐकू. माझ्या बरोबरीच्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, हा विषय गुणांसाठी घेतला असेल तरी हरकत नाही, मीही तसाच घेतला होता. पण तो घेतल्यावर गावचे लोक जो दुसरा प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर मागण्याचा हक्क आपण सोडू नये. ‘हो, डॉक्टर होईन, आणि तुमच्याजवळ येऊन बसेन,’ असे ज्या दिवशी या विषयाच्या विद्यार्थ्याला खरेपणाने म्हणता येईल, त्या दिवशी आपल्या पीएच.डी.ला अर्थ येईल.